आबांचं बाळंतपण

“सोबत कोण आलंय? नाव सांगा.”

“नकुसा.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. “घरात हाक मारतात ते नको. कागदावरचं सांगा.”

“कागदावरपण हेच आहे. शाळेच्या दाखल्यावर हेच, रेशनकार्डावर हेच. नकुसा हिंदुराव पिसाळ. लिहा.”

त्यांनी लिहिलं. खाटेवर पडलेल्या आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. माझं नाव परक्यासमोर घेतलं गेलं की आबा नेहमी दुसरीकडं बघायचे. कधी बैलाकडं, कधी आभाळाकडं. पुण्याच्या दवाखान्यात बैल नव्हता म्हणून भिंत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सातारा जिल्ह्यात पोरीवर पोरी झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा ठेवायचे. देवाला निरोप असतो तो. बास, आता पोरगी नको. मी तिसरी. माझ्यानंतर आईला पोरगी झाली नाही आणि पोरगापण झाला नाही. देवानं निरोप अर्धाच वाचला, नाव मात्र मला पुरं चिकटलं.

नाव आत्यानं ठेवायचं अशी रीत आहे. माझं ठेवलं गजरा आत्यानं, आबांच्या थोरल्या बहिणीनं. पाळणा नाही, बायका नाहीत, घुगऱ्या नाहीत. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाली, “नकुसा म्हणा हिला,” आणि एस्टी पकडून गेली. हे मला सहाव्या वर्षी शेजारणीनं सांगितलं, हसत हसत. तेव्हापासून मी आत्याशी सरळ तोंडानं बोलले नाही. ती आली की मी शेतात जायचे. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी रद्दीच्या पेपरातून शिकले, आणि लिहायला लागले तेव्हा वहीत पहिली शिवी लिहिली ती आत्याला.

त्या दवाखान्यात बसले होते तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

आबा गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळत असतो, तो गूळ म्हणून नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षण चुकला की पाक कच्चा राहतो नाहीतर करपतो. आबा थंड पाण्यात बोट बुडवून उकळत्या पाकात घालायचे, चिमटीत गोळी वळून बघायचे. पंचक्रोशीत असा हात दुसरा नव्हता, आणि या माणसाला ते पुरतं ठाऊक होतं. म्हणून छातीत कळ आली तेव्हा सोडा पिऊन दोन तास काहिलीपाशी उभा राहिला. “एवढी उतरवतो आन् येतो.” काहील उतरली आणि तेपण तिच्याशेजारी उतरले, आडवे. कराडला नेलं, तिथं बंद पडलेली नळी उघडून स्प्रिंग बसवली. पण उशीर झाला होता. हृदयाचा एक भाग मेलाच. पंपिंग अठ्ठावीस टक्के. चांगल्या माणसाचं साठ असतं म्हणे. गुऱ्हाळ बंद, जिना बंद, बादली उचलणं बंद. माणूस दारात बसून चिमण्या मोजायला लागला. चुलवाणाचा धूर दिसला की नाक वर करून हुंगायचा. गूळ कच्चा उतरतोय की चांगला हे म्हणे त्याला वासावरून कळायचं, आणि रोज कच्चाच उतरायचा.

कराडच्या डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी दिली. तिथं एक नवीन उपचार करून बघतायत म्हणाले.

डॉ. ऋजुता फाटक म्हणजे त्या डॉक्टरीणबाई. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं शुद्ध, पुस्तकातून काढून इस्त्री केल्यासारखं. त्यांनी माझ्या हातात नऊ पानांचा मराठी कागद दिला. सही करायच्या आधी वाचा म्हणाल्या. मी वाचला.

“बाई, हे मराठी आहे का?”

“म्हणजे? मराठीच आहे.”

“‘स्वयंजन्य अस्थिमज्जाजन्य मूलपेशींचे अंतःक्षेपण.’ हे तुम्ही तुमच्या आईला वाचून दाखवा. तिला कळलं तर मी सही करते.”

आई माझ्या दंडाला चिमटे काढत होती. आमची आई तानुबाई, गावची सुईण. तीस वर्षं बायकांना मोकळं केलं, पण डॉक्टरसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटायची. माझी नाही चिकटत.

फाटकबाईंनी रागवायला पाहिजे होतं. त्या हसल्या. खुर्ची ओढून आबांच्या उशाशी बसल्या आणि साधं बोलायला लागल्या.

“काका, हाडाच्या आत मगज असतो ना, त्यात काही पेशी अशा असतात की कोण व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. तुमच्या कमरेच्या हाडातून थोडा मगज सुईनं काढायचा, त्यातल्या त्या पेशी वेगळ्या करायच्या आणि बारीक नळीनं तुमच्या हृदयात सोडायच्या. तिथला मेलेला भाग दुरुस्त करायला त्या मदत करतील, अशी आशा आहे.”

“आशा?” मी म्हटलं. “खात्री नाही?”

“खात्री असती तर चाचणी कशाला केली असती? आणि आणखी एक नीट ऐका. निम्म्या लोकांना पेशी देणार, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. ते तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. दोन वर्षांनी उघडणार.”

“म्हणजे निम्म्यांना फसवणार?”

“फसवायचं असतं तर आधी सांगितलं असतं का?”

मी पेनाचं टोपण काढलं. एवढ्या लवकर मी कुणाचं ऐकत नाही.

“त्ये जाऊ द्या,” आबा म्हणाले. “काहिलीपाशी हुभा ऱ्हाईन का, त्येवढं सांगा.”

“माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “खोटं बोलंना बग ही. कर सही.”

मी सही केली. नकुसा हिं. पिसाळ. आबा परत भिंतीकडं.

आता माझी चूक. बाहेरच्या बाकावर आई विचारत होती, “काय म्हनली गं ती? काय सोडनार काळजात?” मी दमलेले, भुकेली. पेशी हा शब्द तिला कसा सांगायचा? मी म्हटलं, “आई, अगं बाळं समज. बारकी बारकी. अजून कोण व्हायचं ते ठरलेलं नाही. आबांच्या पोटातनं... म्हणजे हाडातनं काढायची आणि काळजात ठेवायची. तिथं ती वाढणार. सहा आठवडे जपायचं.”

आईचे डोळे बारीक झाले. सहा आठवड्यांचा हिशेब तिनं बोटांवर केला.

“सव्वा म्हैना,” ती म्हणाली. “मग त्ये बाळंतपनच की.”

मी हसले. तिथंच तिला अडवायला पाहिजे होतं.

काळजात नळी घातल्यापासून चौथ्या दिवशी मी आबांना घेऊन घरी आले. आई आदल्या दिवशीच पुढं गेलेली, आत्याला बोलावून घेऊन तिनं सगळी तयारी करून ठेवलेली. आतली अंधारी खोली शेणानं सारवलेली. तीच खोली, जिथं आम्ही तिघी जन्मलो. तीच बाज. खिडकीला गोधडी. आबा टेकले न टेकले तोच आईनं त्यांच्या कानाला फडकं बांधलं.

“ह्ये काय गं?”

“वारं लागतं.”

“मला?”

“तुमाला न्हाई. त्येला.” तिनं त्यांच्या छातीकडं बोट केलं.

संध्याकाळी बाजेखाली शेगडी सरकवून वर ओवा टाकायला निघाली तेव्हा मी धावले. धूर म्हणजे नक्की मरण. पळत टपरीवर जाऊन फाटकबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून नुसते फुसफुस श्वास. मला वाटलं, रागावल्या. मग लक्षात आलं, बाई हसू दाबत होत्या.

“विश्रांती हवीच आहे,” त्या म्हणाल्या. “धूर नाही, शेगडी नाही. तूप नाही, डिंकाचे लाडू अजिबात नाहीत. मीठ अगदी कमी. गोळी एकही चुकवायची नाही. बाकी मावशींना करू द्या काय करायचं ते.”

“बाकी म्हणजे शेपूची भाजी.”

“शेपू चालेल.”

झालं. तूप गेलं, लाडू गेले, राहिली बिनमिठाची शेपू. सकाळी शेपू, दुपारी शेपू, रात्री शेपू. आबांना उभ्या जन्मात शेपूचा वास सोसला नव्हता.

“तानू, हार्ट अटॅक बरा व्हता गं.”

“गप खावा. अंगावर दूध येतं.”

“काय येतं?”

दारात बसलेली आत्या तोंडाला पदर लावून हलत होती. आतून मलाही फुटायला आलेलं. पण आत्यासमोर हसायचं नाही असा माझा अठरा वर्षांचा नेम. मी गिळलं.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. आईनं माझ्या वहीतलं पान फाडून घेतलं.

“माझ्या पाचवीला ठेवला होतास का कागद?” मी विचारलं.

आई पाट्याला हळद लावत राहिली. “न्हाई,” म्हणाली.

“मग बरं झालं. सटवाईला लिहायला काही नव्हतं, म्हणून मी स्वतः लिहिते.”

बाजेवर आबा जागे होते. पण या वेळी भिंतीकडं बघितलं नाही त्यांनी. वर आढ्याकडं बघत होते.

नवव्या दिवशी गुऱ्हाळावरून निरोप आला. नव्या गुळव्यानं दोन काहिली करपवल्या, आबांनी नुसतं येऊन खुर्चीत बसावं आणि तोंडानं सांगावं. झालं, आबा उठले. कानाचं फडकं तसंच, वर टोपी. डॉक्टरचं भय, पंपिंगचा आकडा, माझी तोंडाची तोफ, कशानंच हा माणूस थांबला नसता. पण उंबऱ्यात आई आडवी झाली.

“वली बाळंतीन उंबरा वलांडत न्हाई.”

“तानू, बाजूला हो. लोकं हसतील.”

“हसू द्या. तीस वर्सं म्या एकाबी बाळंतिनीला भाईर जाऊ दिली न्हाई. पाटलाची सून आसू द्या न्हाईतर आनि कुनी. तुमी कोन लागून गेला?”

आबा उंबऱ्याशी उभे राहिले. बाहेर ऊन, आत अंधार. मग वळले आणि बाजेवर जाऊन बसले. पुढं किती वेळ बाजेच्या सुंभावरून हात फिरवत होते.

“ह्योच का गं खड्डा?” त्यांनी आईला विचारलं. “तिघींच्या येळंला पडलेला?”

“त्योच.”

“आन् नऊ म्हैनं, वर सव्वा म्हैना... वर त्वांड बगायला कोन येत न्हाई...” वाक्य तिथंच सोडलं त्यांनी.

बाराव्या दिवशी बारसं. हे मी थांबवायचा प्रयत्न केला नाही, कारण तोवर अख्ख्या आळीला चेव चढला होता. दुपारीच बायका जमल्या. आढ्याला जुना पाळणा टांगला, त्यात कुंची घातलेला वरवंटा. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरलं. मधे बाजेवर आबा, कपाळाला हळदकुंकू, मांडीवर ओटीचा नारळ, चेहरा फाशीला चाललेल्या माणसाचा.

“बाळंतीन लई सुकलीया गं!”

“मिशा मातर झाक आल्यात!”

“बाळ कुनावर गेलंय?”

“डाक्टरनीवर! तिनंच घातलंय न्हवं?”

“नाव काय ठेवायचं?”

“पंपसिंग!”

हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी दारात घुगऱ्यांची परात घेऊन उभी. आत्या पुढं झाली. नाव ठेवायचा मान तिचा. माझ्या तोंडून निघूनच गेलं. मोठ्यानं.

“हिला नका ठेवू देऊ. ही त्याचंपण नकुसाच ठेवेल.”

हसणं कापल्यासारखं थांबलं. आत्या जागच्या जागी थिजली. आईनं डोळे मिटले.

“आक्का,” आबा बाजेवरून म्हणाले, “थांब जरा.”

ते उठून उभे राहिले. ओटीचा नारळ पाळण्यात वरवंट्याशेजारी ठेवला.

“डाक्टरीन बाईनं सांगितलंया, माज्यात पोर हाय का पानी हाय, त्ये तिलाबी ठावं न्हाई. पान्याचं बारसं कशाला करायचं? ह्या घरात एक बारसं ऱ्हाईलंया. चोवीस वर्सं ऱ्हाईलंया.” मग माझ्याकडं वळले. सरळ माझ्याकडं. “नकू, त्ये नाव आक्कानं न्हाई ठिवलं. म्या ठिवलं. तिसरी पोरगी म्हटल्यावर बारा दिवस ह्या खोलीत आलो न्हाई मी. तुजं त्वांड बगितलं न्हाई. आक्काला भाईरच्या भाईर सांगितलं, जा, नकुसा म्हनून सांग आन् घरी जा. मी गुऱ्हाळावर निगून गेलो.”

परात माझ्या हातात होती. घुगऱ्या वाफाळत होत्या.

“आत्या?” मी म्हटलं.

“भाऊ हाय,” आत्या म्हणाली. “लोकांत त्येला कसं पाडू? तू दगडं मारलीस, मी खाल्ली.”

“आठ दिवस त्याच बाजंवर पडलो,” आबा म्हणाले, “तवा कळलं. तानूनं हितं पडून काय काय गिळलं आसंल.”

मला काय वाटलं ते छान शब्दांत सांगता येईल, पण खोटं होईल. मला राग आला. भडका उडाला.

“आणि आता? मरणाची भीती वाटली म्हणून?”

“व्हय.”

“मला नको तुमचं नाव. चोवीस वर्षं या नावावर मी जगले. शिव्या खाल्ल्या, दिल्या. आता ते माझं आहे.”

“नको तर नको म्हन. ठिवायचं काम माजं, मी ठिवतो. घ्यायचं का न्हाई त्ये तुजं.” आणि मग, याबद्दल चोवीस वर्षं न बोललेला माणूस लहान पोरासारखा म्हणाला, “हौसा. हौसा ठिवावं म्हनतो.”

हौसा. हौसेनं मागून घेतलेली. नकुसाच्या बरोबर उलटं. आमच्याकडं जुन्या बायकांत असतं हे नाव. काहिलीपाशी उभा राहून या माणसानं बोट भाजत कितीदा ते मनात घोळवलं असेल, कोण जाणे. बारा दिवसांत सुचलेलं ते नव्हतं. मला चेहऱ्यावरून कळलं.

मी काही बोलायच्या आत आईनं परात काढून घेतली आणि मला दंडाला धरून पाटावर बसवलं. कुणीतरी वरवंट्याची कुंची काढून माझ्या डोक्यावर घातली. ती कानाच्या वर येऊन अडकली. बायका पुन्हा फुटल्या. आत्या माझ्या मागं वाकली. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास. माझ्या कानाशी तिनं “कुर्रर्र” केलं आणि नाव सांगितलं.

नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. सगळ्या बायकांनी घातले, दणादण. मी वळून बघितलं. वाकलेली म्हातारी, डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. मीपण एक घातला. चांगला जोरात. आणि दुसरा आबांच्या पाठीत घालायला उठले.

“आगं, पंपिंग!” आई किंचाळली.

तो मी हळू घातला. मग हात तिथंच राहिला. बनियनखाली ते चालू होतं, अठ्ठावीस टक्के का असेना.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीसारखी तपासणी करायला पुण्याला गेलो. एक्केचाळीस टक्के. फाटकबाईंनी दोनदा मोजलं. घरी बारसं झालं एवढंच मी त्यांना सांगितलं. गुऱ्हाळावर जायला परवानगी मिळाली, पण खुर्चीत बसून, धुरापासून लांब, नुसतं तोंड चालवायला. आबांना तेवढं पुरे होतं. पहिल्याच दिवशी नव्या गुळव्याला इतकं बोलले की तो संध्याकाळी काम सोडायला निघाला होता. मुकादमानं अडवून ठेवला.

सव्वा महिना पुरा झाल्यापासून घरात शेपूचं नाव काढायची सोय नव्हती.

दोन वर्षांनी बाईंचा फोन आला. पाकिटं उघडली होती. आम्ही तिघं गेलो. तपासायच्या खाटेवर बसलेल्या आबांचा हात बाईंनी हातात घेतला.

“काका, तुम्हाला पाणी मिळालं होतं. मिठाचं पाणी.”

आबांनी हात सोडवून छातीवर ठेवला.

“मग बरा कसा झालो?”

“गोळ्या वेळेवर घेतल्या, सव्वा महिना खरीखुरी विश्रांती घेतली. धक्क्यानं गारठलेलं हृदय कधी कधी हळूहळू कामाला लागतं. पेशी मिळालेल्यांत काही जण तुमच्यापेक्षा जास्त सुधारले, काही अजिबात नाही. अजून खूप तपासायचं आहे.”

“आन् आमचा मगज?” आईची जीभ एकदाची सुटली. “हाडातनं काढला त्यो? त्यो कुठं हाय? आमचा आमाला द्या परत!”

“चाळीस दीस!” आबा मधेच ओरडले. “चाळीस दीस बिनमिठाची शेपू खाल्ली मी! पान्यासाठनं!” आणि ते हसायला लागले. खाट हलेपर्यंत हसले. बाईंनी आधी घाबरून नळ्या कानाला लावल्या, छातीला टेकवून थोडा वेळ ऐकलं, मग काढल्या आणि त्याही हसायला लागल्या.

“पण काका,” डोळे पुसत त्यांनी विचारलं, “मग बारसं झालं ते कुणाचं?”

आबांनी माझ्याकडं हात केला.

“ही काय. सव्वीस वर्सांची हाय. बोलती लई.”